हात सोडू नका

दिवे गेले होते, म्हणून आम्ही भावंडं मामाच्या खोलीत जमलो. मामा म्हणाला, माझ्या चष्मेवाल्या मित्राचं सांगतो, त्याच्याच तोंडून ऐकलंय. मी तेव्हाच उशी पोटाशी घेतली.

चष्मेवाल्याच्या घरात नवरा-बायको दोघंच. तो दिवसभर चष्म्याच्या दुकानात, ती घरी. म्हणून दोघांनी आपापल्या संगणकावर ती नवी सोय घेतली. कुठलीही साधी वेबसाइट उघडा, तिची खोली होते. ते पान ज्यांनी ज्यांनी उघडलंय, त्यांच्या बाहुल्या तिथे उभ्या दिसतात. बोलता येतं. आणि बाहुल्यांनी एकमेकींचा हात धरला, की एकाने लिंक दाबली तरी दोघं पुढच्या पानावर. ही दोघं अशी हात धरून पडद्यांच्या दुकानांतून हिंडायची. तो म्हणायचा, आपल्याकडे बघायला येतंय कोण? ती म्हणायची, तुमचं तोंड झाकायला हवेत.

जूनमध्ये ती गेली. तिचं खातं त्यानेच बंद केलं.

डिसेंबरातला शेवटचा शनिवार. रात्रीचं जेवण उरकून तो गॅसच्या जोडणीवरचं तिचं नाव काढायला बसला. कंपनीचं पान उघडलं. खोलीत एकच बाहुली होती. पाठमोरी. पिवळा स्वेटर, सैल अंबाडा, तिच्या बाहुलीचा असायचा तसाच.

त्याने हाक मारली.

सवयीने त्याने हात धरला.

पानं आपोआप बदलायला लागली. पडद्यांचं दुकान. इस्पितळात नंबर लावायचं पान. तिची शाळा, केव्हाच बंद पडलेली. मग नुसत्या पांढऱ्या खोल्या. वर पत्ता नाही. मागे जायचं बटण नाही. आणि प्रत्येक खोलीत माणसं... सगळी पाठमोरी.

“कुठे नेतेस गं? घरी चल ना.”

तेव्हा ती बोलली. “मला थांबता येत नाही हो. तुम्ही हात सोडू नका.”

आणि ती मान वळवायला लागली.

हळूहळू.

त्याने हात सोडला.

आमच्यातल्या धाकट्याने मामाला दबकत विचारलं, मग?

मग काय, मामा म्हणाला. तो परत गॅसच्या पानावर. एकटा. तेव्हापासून दुकान बंद ठेवून ती खोली शोधत बसतो. पत्ताच नव्हता, तर सापडणार कशी? मीही सांगून थकलो.

“पण एक आहे...” मामाचा आवाज खाली गेला. “त्याने नवं खातं काढलं, संगणक बदलला. परवा मी शेजारी बसून पाहिलं. त्याची बाहुली कुठल्याही पानावर आली, की तिचा उजवा हात बाजूला ताणलेला असतो. मूठ मिटलेली. आणि खांदा... ओढला जातोय.”