मथळ्याची रिकामी ओळ

ही गोष्ट खरी आहे. पटली नाही तरी हरकत नाही.

घानातल्या कुमासी शहरात, असाफो भागात ओपोकूंचं छपाईचं दुकान आजही उघडं असतं. पण आतल्या टेबलावरच्या कॉम्प्युटरपुढे त्यांची मुलगी सेरवा एकटी बसत नाही. भरदुपारीसुद्धा.

जे झालं, ते भरदुपारीच झालं.

ओपोकू मयताची पोस्टरं छापायचे. घरचं माणूस आलं की आधी स्टूल पुढे ओढायचे. बोटातली अंगठी टेबलावर वाजवायचे. टक, टक.

"कसा होता तुमचा माणूस?"

ते ऐकून घेतल्याशिवाय मथळा लिहायचे नाहीत.

यात फार वेळ जायचा. म्हणून सेरवाने दुकानासाठी एक प्रोग्राम लिहिला. त्या शेवटच्या साध्यासुध्या दिवशी ती त्यात मथळ्यांची ड्रॉपडाउन यादी बसवत होती. बाणावर क्लिक केलं की खाली उलगडायची: देवाघरचं बोलावणं. केवढा हा धक्का. कृतार्थ आयुष्याचा सोहळा.

पापा मागून डोकावले. "मरणाचे तीनच प्रकार?"

"वाढवता येतात, पापा."

"एखाद्या नव्वदीच्या म्हातारीला 'केवढा हा धक्का' लागलं, तर तिची नातवंडं माझं दुकान जाळतील."

"मग नीट निवडा."

"सगळ्यात वर एक ओळ रिकामी ठेव. नाहीतर घाईत पहिलाच मथळा छापून जायचा. आधी विचारायचं, मग निवडायचं."

"आक्राच्या बँकेत एवढं कोणी विचारत बसत नव्हतं."

"म्हणूनच काढलं त्यांनी तुला."

ती हसली. रिकामी ओळ ठेवली.

सकाळी पापा उठले नाहीत.

सेरवा रडली नाही. लोक आले, गेले. कोणीतरी लापशी दिली, ती तिने गार झाल्यावर संपवली. मग आडोमा आत्या दुकानात आली.

"पोस्टर आजच भिंतीवर लागलं पाहिजे. जमत नसेल तर सांग, मी दुसरीकडे छापून घेते. आपल्यात कूळ आईकडून चालतं. भाऊ आमच्या कुळाचा. तू तुझ्या आईच्या."

"मी करते, आत्या."

आत्या बाहेरच्या बाकावर जाऊन बसली.

पापांसाठी सेरवाला आता एवढंच करता येण्यासारखं होतं. तिने फोटो लावला. नाव घातलं. यादीतून 'देवाघरचं बोलावणं' निवडलं आणि फोटो थोडा सरळ केला.

वर पाहिलं तर...

मथळा रिकामा.

पुन्हा निवडला. पुन्हा रिकामा.

माउसचं चाक चुकून फिरलं की यादी सरकते, हे तिला ठाऊक होतं. तिने माउस काढूनच टाकला. कीबोर्डच्या बाणाने निवडलं, एंटर दाबलं.

निवड हळूहळू वर सरकली... आणि रिकाम्या ओळीवर थांबली.

तिने कोड उघडला. ती ओळच पुसून टाकली. प्रोग्राम पुन्हा चालू केला. कोडमध्ये आता तीनच मथळे होते. तीनच.

यादी आपोआप उलगडली...

वर एक रिकामी ओळ होती.

शेजारच्या शिंप्याच्या मशीनचा आवाज येईनासा झाला. डोक्यावर पंखा फिरत होता, पण त्याचाही आवाज नव्हता.

मग...

टक, टक.

तिने मागे वळून पाहिलं नाही.

"झालं का गं?" आत्या दारात आली आणि तिथेच थांबली. "हे स्टूल मध्ये कोणी ओढलं?"

स्टूल भिंतीशी असायचं. आता ते टेबलापुढे होतं. घरच्या माणसासाठी ओढतात, तसं.

"तू ओढलंस?"

"नाही."

आत्या उंबऱ्याच्या आत आली नाही. "उठ तिथून, पोरी. जाऊ दे ते पोस्टर."

सेरवा उठली. पण दाराकडे गेली नाही. टेबलाला वळसा घालून स्टुलावर बसली. समोर पापांची खुर्ची होती. रिकामी.

"मथळा मला सुचत नाही, पापा," ती म्हणाली. "माझा माणूस कसा होता, तेवढं सांगते. बँकेने मला काढलं नव्हतं. मीच सोडून आले. माझ्या बापाजवळ बसता यावं म्हणून."