वाळल्याशिवाय आत यायचं नाही

तारेच्या खुर्चीत पाणी साचत नाही.

कौन्सिलचं पत्रक: नको असलेलं सामान घरापुढच्या गवतावर ठेवा. वर्षातून एकदाच. काच नको.

नऊ नंबरचा बूट. बायकांच्या मानानं मोठाच.

हळदीच्या रंगाचा नवा कोच. त्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

समुद्राचं पाणी वाळलं की मागे पांढरं राहतं.

इस्त्री केलेला नारिंगी टॉवेल.

*

हे माझ्या स्वतःच्या बाबतीत घडलं आहे. ऐकीव नाही. पटलं नाही तर सोडून द्या, मी वाद घालणार नाही.

मंगळवार, १ मार्च २०२२. मेलबर्नजवळ, समुद्रकाठचं ब्यूमॉरिस.

भुतं रात्री येतात असं तुम्ही वाचलं असेल.

हे दुपारी पावणेचारला व्हायचं. लख्ख उन्हात.

मी रॉस. एकसष्ट वर्षांचा. जुन्या तारेच्या खुर्च्या जमवतो. लोखंडी सळीचे बारीक पाय, तारेच्या जाळीची बैठक. पन्नास-साठ साली आमच्या भागात सपाट छपरांची, मोठ्या काचांची घरं झाली, तेव्हा घरोघरी या खुर्च्या आल्या. आता त्या घरांतली माणसं संपत चाललीत, आणि खुर्च्या गवतावर येतात.

गवतावर आलेली वस्तू कोणाचीही. इथे कोणी दार वाजवून विचारत नाही. कोणाच्या कचऱ्याबद्दल चौकशी करणं बरं दिसत नाही.

हा नाद मूळचा माझ्या बायकोचा. ग्लेनिसचा. मागच्या अंगणात टेबलाभोवती आमच्या पाच खुर्च्या होत्या, एकाच कारागिराच्या हातच्या. सहावी अकरा वर्षं सापडत नव्हती.

"सहावी मिळाली की मी डोळे मिटायला मोकळी," असं ती म्हणायची.

सहावी मिळायच्या आधीच तिनं डोळे मिटले. तेरा महिने झाले होते.

त्या मंगळवारी मी सामानाच्या ढिगांजवळून गाडी हळूहळू नेत होतो. एका कोपऱ्यावर मोडकी इस्त्रीची फळी, दोन गाद्या... आणि त्यांच्या शेजारी, जरा बाजूला, ती.

उतरलो. उलटी केली. साबुदाण्याएवढे वेल्डिंगचे टाके. तोच हात.

सहावी.

तिच्या पाठीवर घडी घातलेला नारिंगी टॉवेल होता. गाडीत खुर्ची घासू नये म्हणून तो मी मध्ये घातला.

टाकून दिलेल्या टॉवेलला कोणी इस्त्री करत नाही. ते मला तेव्हाच दिसलं होतं. दिसलं, पण मी बघितलं नाही.

आणि अजून एक...

खुर्ची ओली होती.

नऊ दिवसांत पाऊस नव्हता.

*

बुधवार. खुर्ची मी ग्लेनिसच्या जागी ठेवली होती, फरशीवर. स्वयंपाकघरात चहा करत होतो.

टप.

नळ बघितला. बंद.

टप... टप...

बाहेर आलो. पाच खुर्च्या कोरड्या. सहावीच्या जाळीतून पाणी गळत होतं. वरून काही पडत नव्हतं. आभाळ स्वच्छ. पाणी जाळीवरच कुठूनतरी येत होतं आणि खाली फरशीवर थेंब थेंब पडत होतं. अंगावर ओला पोहण्याचा पोशाख घालून कोणी बसावं, तसं.

घड्याळात पावणेचार.

बोट लावून चाटलं. खारट.

तुम्ही घाबरला असता. मी घाबरलो नाही.

ग्लेनिस रोज सकाळी समुद्रात पोहायची. हिवाळ्यातसुद्धा. ओल्या अंगानं अंगणात येऊन बसायची आणि म्हणायची, "रॉस, चहा देतोस की मी इथेच गोठू?"

मी आत गेलो. दुसरा कप काढला. तेरा महिन्यांनी पहिल्यांदा.

*

गुरुवार, पावणेचार. पाणी.

शुक्रवार, पावणेचार. पाणी. मी नारिंगी टॉवेल खुर्चीच्या पाठीवर टाकून ठेवला. बराच वेळ बोललो. तिच्या बहिणीचं गुडघ्याचं ऑपरेशन, लिंबाच्या झाडाला लागलेली कीड. सगळं.

शनिवारी सकाळी कॉन आला. कॉन लोखंडाला रंग चढवायचं काम करतो. माझ्या सगळ्या खुर्च्या त्याच्या भट्टीतून गेल्यात.

"अखेर मिळाली म्हणायची," तो म्हणाला. "आता काय करणार तू? मरायला टेकलास की काय?"

"तू आधी जा. तुझं पोट बघ."

"हे पोट नाही, बायकोचं प्रमाणपत्र आहे." त्यानं खुर्ची उलटी केली. मग हसू थांबलं. "रॉस, हे काय रे?"

बैठकीची जाळी गंजली होती. पुढचे दोन पाय गंजले होते. पाठ मात्र नव्यासारखी. आणि गंजावर पांढरे थर. एकावर एक.

"मीठ आहे हे," कॉन म्हणाला. "एका दिवसाचं नाही. वर्षानुवर्षांचं. रोज कोणीतरी समुद्रातून उठून यावर बसलंय."

"पोहणाऱ्यांचं घर असेल."

"पोहणारं माणूस टेकून बसतं रे. मग पाठ का नाही गंजली? जो कोणी होता, त्याची पाठ टेकतच नव्हती. लहान होता."

मी खुर्ची पुन्हा सरळ उभी केली.

"खरवडून देऊ? रंग काढून?"

"नको. हात लावू नकोस तिला."

त्यानं माझ्याकडे बघितलं. टेबलावरच्या दोन कपांकडे बघितलं. "जेवायला ये रविवारी," एवढंच म्हणाला.

मी गेलो नाही. रविवारी पावणेचार वाजतात.

*

नववा दिवस. बुधवार.

वारा सुटला होता. दक्षिणेकडचा, गार. पाणी ठिबकत होतं आणि मला वाटलं, कुडकुडत असेल.

मी मागचं दार उघडं धरलं आणि म्हणालो, "आत ये ना. ओली असलीस म्हणून काय झालं?"

थेंब थांबले.

एकदम थांबले.

मग खुर्चीच्या तारा वाजल्या... कोणी उठलं की वाजतात तशा.

फरशीवर एक ओलं पाऊल उमटलं.

मग दुसरं.

उंबऱ्यापाशी दोन्ही पावलं शेजारी शेजारी थांबली. बराच वेळ. खरंच येऊ का, असं विचारत असल्यासारखी.

"ये," मी म्हणालो.

पावलं आत आली. माझ्या बाजूनं. गार हवा मांडीला लागली. खांद्याला नाही. मांडीला.

तेव्हा मी खाली वाकून बघितलं.

ते पाऊल माझ्या पंजाएवढंच होतं.

ग्लेनिसचा बूट नऊ नंबरचा होता.

पावलं बैठकीच्या खोलीत गेली. कोचापर्यंत. कोचावर ओल पसरली, अगदी कडेला, एवढीशी... जणू कोणी अंग चोरून बसलंय.

मी फडकं आणलं आणि सगळं पुसलं. का पुसलं, माहीत नाही. हात आपोआप चालले.

गुरुवारी खुर्ची कोरडी होती.

शुक्रवारीही.

*

शनिवारी खुर्ची गाडीत घातली आणि त्या कोपऱ्यावर गेलो. खांबावरची चिठ्ठी अजून होती. उन्हानं पिवळी पडलेली. थरथरतं, मोठं अक्षर.

"माझी तारेची खुर्ची चुकून कोणी नेली आहे. ती कचरा नव्हती. मी ती रोज दुपारी बाहेर ठेवते. कृपा करून परत आणा. रागावणार नाही. वाल्डा प्रेंडिव्हिल, घर क्रमांक ११."

दार उघडलं ती बाई शहाऐंशीची असेल. लिंबाएवढा अंबाडा, पायात पुरुषी सपाता. तिनं आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"टॉवेल?"

"आहे. धुतलाय."

"मग उभे काय राहिलात? ठेवा तिकडे. नाही, तिथे नाही. सावलीत तिला थंडी वाजते."

ठेवली. मी माफी मागू लागलो, मिसेस प्रेंडिव्हिल वगैरे म्हणून.

"वाल्डा म्हण. चोराशी काय मान-पान करायचं." रागावली नव्हती. "किती वाजले?"

"साडेतीन."

"बस मग. आणि हसणार असशील तर आत्ताच जा."

आम्ही तिच्या पायरीवर बसलो. ती खुर्चीकडे बघत बोलत होती.

"एकोणसत्तरचा जानेवारी, ऐन उन्हाळा. लिनेट नऊ वर्षांची. दिवसभर समुद्रात. आदल्याच दिवशी नवा कोच आला होता, हळदीच्या रंगाचा. प्लॅस्टिकसुद्धा काढलं नव्हतं. चारला चर्चच्या बायका येणार होत्या. ही दारात उभी, नखशिखांत ओली. म्हटलं, त्या तारेच्या खुर्चीवर बस, वाळल्याशिवाय आत यायचं नाही. म्हणाली, कंटाळा येतो, मग मी परत पाण्यात जाते." ती थांबली. "मी म्हटलं, जा."

दूर कोणाच्या तरी अंगणात गवत कापायचं यंत्र चालू होतं. ते बंद पडलं.

"पुढच्या उन्हाळ्यापासून खुर्ची ओली होऊ लागली. नवरा म्हणाला, एक तर ती खुर्ची राहील नाहीतर मी. खुर्ची राहिली. बावन्न वर्षं रोज म्हणते, लिनेट, ये गं आत, कोच गेला खड्ड्यात. येत नाही. वाळायची वाट बघत बसते. आणि ती कधी वाळतच नाही."

पावणेचार झाले.

जाळी कोरडी.

चार.

साडेचार. वाल्डाच्या हातातला टॉवेल पिळला जात होता, कोरडाच.

"तुझ्याकडे येत होती?"

"हो."

"मग आज का नाही आली?"

मला खोटं बोलता आलं असतं. मी सांगितलं. ग्लेनिस, दोन कप, उघडं दार. सगळं.

वाल्डानं मान माझ्याकडे वळवली नाही.

"आत आली?"

"हो."

"कोचावर बसली?"

"हो."

"मऊ आहे का कोच?"

"आहे."

"बरं."

तिनं टॉवेलची नीट घडी घातली.

"मी बावन्न वर्षं तिचं नाव घेऊन बोलावलं," ती म्हणाली. "तुझ्या मनात तर दुसरीच होती."

*

सोमवारी मी तिला खुर्चीसकट माझ्या घरी आणलं. ती कोचाच्या त्या कडेशी बसली. हातानं कापड चाचपलं.

"पुसलंस तू," ती म्हणाली.

पावणेचारला ती म्हणाली, "लिनेट, चल, घरी जाऊ." लहान पोरीला शाळेतून न्यायला आल्यासारखा तिचा आवाज होता. काही झालं नाही. काहीच नाही. उन्हाचा पट्टा गालिच्यावरून सरकत गेला.

जाताना तिनं खुर्ची मला ठेवायला सांगितली. "ती जिथे आहे तिथे खुर्चीही असू दे."

पाच महिने ती दर सोमवारी येत होती. मी चहा करायचो. तीन कप.

ऑगस्टमध्ये वाल्डा गेली. झोपेत. शेजारणीनं फोन केला.

*

आता टेबलाभोवती सहा खुर्च्या आहेत. मी जमवणं सोडलं. कॉन म्हणतो, घर विक, माझ्या गल्लीत ये.

जाता येत नाही.

कारण वाल्डाच्या दफनानंतर पुन्हा सुरू झालं. रोज नाही. एखाद्या दुपारी.

कोचाची कड ओली होते. तिथून छोटी पावलं निघतात आणि मागच्या दारापर्यंत जातात. दार मी उघडंच ठेवतो, सताड. तरी उंबऱ्यापाशी ती थांबतात. दोन्ही शेजारी शेजारी.

वाट बघतात.

मग कोचाकडे परत फिरतात.

तिला काय हवंय, ते मला कळतं असं वाटतं. शहाणी मुलगी आहे. कोणी सांगितल्याशिवाय आत येत नाही, आणि कोणी सांगितल्याशिवाय बाहेरही पडणार नाही. कोणीतरी एक शब्द बोलायला हवा. "जा."

मी तोंड उघडतो. दर वेळी. तो शब्द तिला एकदा सांगून झालाय.

आता मी पाणी पुसत नाही. गालिच्यावर दारापर्यंत पांढरी वाट पडली आहे.

खांबावरची ती चिठ्ठी मी खुर्ची नेली त्याच संध्याकाळी लागली होती. तेव्हाच मी गाडीतून उतरून, खांबासमोर उभं राहून, ती दोनदा वाचली होती.