दोन जोड हातमोजे

तो पहिल्यांदा माझ्या औषधाच्या दुकानात आला, तेव्हा बाहेर रिपरिप चालू होती. रांगेतल्या दोघी नाकाला रुमाल लावून बाजूला झाल्या.

"मास्क द्या. आणि लांब हातमोजे."

"पेशंट कोण?"

"म्हैस. मेली आहे, घाई नाही."

मला हसू फुटलं. मेलेली जनावरं उचलणाऱ्या गाडीचा ड्रायव्हर, कपड्यांना वास – आणि डोळे असे, की... जाऊ दे.

मग दर बुधवारी यायला लागला. त्याची एक पद्धत होती. जनावर उचलण्याआधी मालकाला विचारायचं, दुखण्यावरचं ते इंजेक्शन टोचलं होतं का? टोचलं असेल तर पुरायचं. नसेल तर गावाबाहेरच्या कड्याखाली ठेवायचं, गिधाडांसाठी. ते औषध मढ्यात उरतं, मांस खाल्लेली गिधाडं मरतात. जनावरांना ते द्यायला बंदी आहे. लोक दुकानातून माणसांच्या औषधाची बाटली नेऊन टोचतात. कड्यावर सात गिधाडं उरली होती. वाघ मेला की मेणबत्त्या पेटतात. गिधाड म्हणजे शिवी! सात राहिली काय अन् शून्य काय, कुणाच्या बापाचं काय जातं?

"डॉक्टरीणबाई, या आठवड्यात कुणाला दिलंत?"

"चिठ्ठीशिवाय कुणालाच नाही. आणि मी डॉक्टरीण नाही."

"मग इथं आल्यावर माझी छाती का धडधडते?"

"पायऱ्या चढून येता ना."

"तीनच आहेत..."

अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

एका बुधवारी तो दुकानातून गेला आणि माझा मामा आला. मामाची म्हातारी गाय दोन दिवस कण्हत होती. "पोरी, बघवत नाही गं." मी चिठ्ठीशिवाय बाटली दिली. सख्खा मामा! गाय दुसऱ्या दिवशी मेली. तो गाडी घेऊन आला, तेव्हा मी अडचणीत येईन म्हणून मामा त्याला म्हणाला, "काही टोचलं नाही." आणि मी... मी फोन उचलला, खाली ठेवला. त्याच्या नजरेतून उतरायची भीती. एवढंच. एका फोनचं काम होतं.

पुढच्या बुधवारी तो आला, तेव्हा हातात पीस होतं.

"पाच गेली. माना टाकून बसली होती, मग एकेक खाली..." त्याने पीस काउंटरवर ठेवलं. "मामा खोटं बोलले का?"

"हो. बाटली मी दिली होती."

तो ओरडला असता तर बरं झालं असतं.

"हातमोजे दे," म्हणाला. "दोन जोड."

मी भरदुपारी शटर ओढलं.

कड्याखाली चिखल होता. आधी गाईचं उरलेलं पुरायचं, मग ती पाच. वर दोन गिधाडं भिजत बसली होती, उपाशी. आम्ही उरकण्याआधी ती खाली उतरली, तर संपलंच. माझ्या तळहातांना फोड आले.

"मला तू आवडतोस," मी खड्ड्यातूनच म्हणाले. "आता सांगायला तोंड नाही, तरी सांगते."

त्याचं फावडं क्षणभर थांबलं.

"ऐकलं," तो म्हणाला. "अजून हातभर खोल हवं."

मी खोदत राहिले.