नीवेसचा शेवटचा फोन

"उद्या सकाळी माझ्या बहिणीला पुरणार, साहेब, आणि चर्चचं दार बंद!" तुल्लिओच्या खोलीत आलेली झाइरा खुर्चीत टेकलीसुद्धा नाही. आवाज घोगरा, घशात खडे भरल्यासारखा. "जीव देणाऱ्याला आत घेत नाही म्हणतात फादर. पण माझ्या नीवेसनं जीव दिलाच नाही!"

नीवेस काल्लेगारी! नान्दोनं हातातली कॉफी खाली ठेवली. वीस वर्षं तो बापडा त्या नटीचे सिनेमे बघत आला होता. पडद्यावर ती हळूच बोलली की याचे डोळे भरलेच. गुरुवारी ती रोममधल्या आपल्या घरात मेली. कपात झोपेच्या औषधाचे थेंब सापडले, पेपरात वार्ताहराला केलेला तिचा शेवटचा फोन छापून आला, आणि पोलिसांनी हात झटकले.

नान्दोचा मित्र तुल्लिओ खासगी गुप्तहेर होता. त्यानं विचारलं, "खात्री कशावरून?"

"तिचं पत्र आलं होतं. 'या सिनेमाला नक्की ये, ताई. या वेळी मी तुला ऐकू येईन.' मरायला निघालेली बाई असं लिहिते होय?"

"आधीचे सिनेमे पाहिलेत तिचे?"

"पहिला पाहिला. अर्ध्यातून उठून आले. माझी बहीणच वाटेना ती."

फोन घेणारा वार्ताहर पास्ती कचेरीतच सापडला. "गुरुवारी रात्री आठ वाजता आला. 'थकले मी. आज माझ्या हातानं संपवते.' तिचाच आवाज, मधासारखा."

"प्रत्यक्ष भेटला होतात?"

"छे! पेपरवाल्यांना ती दारातही उभं करायची नाही. पण तो आवाज अख्खा इटली ओळखतो."

"घे! संपलं की मग," नान्दो जड मनानं पुटपुटला.

"तू जरा गप्प बस," तुल्लिओ म्हणाला.

नीवेसच्या इमारतीची दरवान बाई भाजी निवडत होती. "नीवेसबाई महिनाभर रोज संवाद घोकायच्या हो, मोठमोठ्यानं. गावठी, घोगरा आवाज. पहिल्या दिवशी मला वाटलं, मोलकरीणच भांडतेय!"

"गुरुवारी कोण आलं होतं?"

"त्यांची मैत्रीण, डेल्फीनाबाई. दर गुरुवारी येतात. संध्याकाळी सातला आल्या, साडेसातला गेल्या."

डेल्फीना मोरोझी सिनेमाच्या ध्वनिमुद्रण स्टुडिओत कामाला होती. जूनच्या उकाड्यात गळ्याला लोकरी मफलर. "घसा बसलाय," ती कुजबुजली. "फार थकली होती बिचारी."

"तिच्या नव्या सिनेमात तुम्हाला काम आहे?"

"या वेळी नाही," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघू लागली.

चार वाजता तुल्लिओनं सगळ्यांना आपल्या खोलीत बोलावलं.

"आपल्याकडे सिनेमाचं चित्र आधी घेतात, आवाज मागाहून भरतात," तो म्हणाला. "तोंड एकीचं, गळा दुसरीचा. पडद्यावरच्या पाटीत नाव मात्र चेहऱ्याचंच. पास्तीसाहेब, तुम्ही ओळखलात तो पडद्यावरचा आवाज. नीवेसला तर आपल्या या ताईंसारखाच घोगरा घसा होता. म्हणून यांना पडद्यावर बहीण सापडली नाही. नव्या सिनेमात ती पहिल्यांदाच स्वतः बोलणार होती, त्यासाठीच ते घोकणं. मग मधासारख्या आवाजात फोन कोणी केला? डेल्फीनाबाई, तुमचा घसा बसलेला नाही. तुम्ही नीट एक शब्द बोललात तर हा नान्दो ओळखेल."

डेल्फीनानं सावकाश मफलर सोडला.

"वीस वर्षं ती रडली, ते मी रडले," ती म्हणाली. नान्दोनं लगेच ओळखला. तोच आवाज! "ती म्हणाली, 'रागावू नकोस, डेल्फी, एकदा तरी मला बोलू दे.' मग माझं काय उरणार होतं? मी तिला कॅमोमाइलच्या फुलांचा काढा करून दिला. थेंब त्यातच घातले."

आणि शरमेची गोष्ट अशी, की त्या आवाजानं नान्दोला आत्ताही रडू फुटलं.

झाइरा डेल्फीनासमोर येऊन उभी राहिली. "मारलंस ते मारलंस. पण देवाच्या दारातून हाकलतील असे शब्द तिच्या तोंडी कशाला घातलेस गं?"



तुल्लिओनं फोन उचलला. "फादरना मी सांगतो."

"नको. द्या इकडे." झाइरानं फोन घेतला. "फादर, मी नीवेसची थोरली बहीण. तिनं जीव दिला नाही हो, तिचा घेतला. करणारी इथंच आहे, कबूलही झालीय. आता तरी आत घ्या माझ्या पोरीला... हो, फादर. हो. नऊ वाजता आणते."

तिनं फोन जागेवर ठेवला. मग इतका वेळ धीर धरलेली ती बाई मटकन जमिनीवर बसली आणि "नीवेस गं!" म्हणून तिनं हंबरडा फोडला.