चुकीच्या जागचा स्वल्पविराम

“ओ मॅडम, एकोणऐंशी म्हंजे सात-नऊ का आठ-नऊ?”

शाळेच्या भिंतीला लावलेल्या शिडीवरून प्रश्न आला. शेजारच्या ओट्यावर शिकवणी घेणाऱ्या पुजानं वर पाहिलं. सेनगावहून तांड्यात आलेला रणजीत पेंटर... नाकाला निळा रंग, ओठांवर हसू! भिंतीवर झाडांची हजारांतली संख्या आकड्यांत आणि अक्षरांत लिहायची होती.

“सात-नऊ. आन् स्वल्पविराम उजवीकडून तीन आकडे सोडून.”

“तुमी हायेत म्हणून बरंय!”

मग रोज नवी भिंत, नवा प्रश्न. ‘तुमी’चं ‘तू’ कधी झालं, कळलंच नाही. पुजा काजळ घालून शिकवायला बसू लागली.

पण काम आटोपलं की स्वारी प्रियंकाच्या किराणा दुकानाकडे! बाकावर बसून चहा, गप्पा, आणि प्रियंकाचं ते खळखळून हसणं... पुजाच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. आकडे विचारायला आम्ही, आणि हसायला ती!

शेवटी वेशीवरचा मोठा फलक उरला. तो सरपंचांना पसंत पडला, तर आजूबाजूच्या तांड्यांचं कामही रणजीतलाच मिळणार होतं.

“पुजा, लोकसंख्या दोन हजार सहाशे चौदा. स्वल्पविराम कुठं?”

“दोन आकडे सोडून,” पुजा मान वर न करता म्हणाली.

“बराबर?”

“पटत नसंल तर तिला विचार!”

सकाळी वेशीवर गर्दी. फलकावर ठळक २६,१४!

“आरं, ही लोकसंख्या हाय का जीपचा नंबर?” सरपंच किसनसिंग कडाडले. “बाकीचं काम दुसऱ्याला देतो.”

“चूक माझीच, काका,” रणजीत खाली मान घालून म्हणाला. पुजाचं नावसुद्धा घेतलं नाही त्यानं. ती गर्दीतून पुढे घुसली.

“त्याची न्हाई. मीच खोटं सांगितलं.”

“काहून गं?” सरपंचांनी विचारलं.

“हा रोज प्रियंकाकडं चहा ढोसून राहिला म्हणून!”

बायका तोंडाला पदर लावून हसू लागल्या. धरणी पोटात घेईल तर बरं, असं पुजाला झालं.

“फलक नीट कर,” किसनसिंग मिशीतल्या मिशीत हसत रणजीतला म्हणाले. “बाकीचं काम तुझंच.”

गर्दी पांगली. रणजीतचे कान लाल झाले होते.

“त्या बाकावरूनच तुझा ओटा दिसतो, पुजा... फुकट कोण बसू देतंय? म्हणून चहा. मला तर आवडत बी न्हाई.”

पुजानं ओठ दाबून हसू आवरलं.

“मग आजपासून ओट्यावरच येऊन बस,” ती म्हणाली. “पण दुकानाकडं पाठ करून!”