अकरा मण्यांची जागा

“ताई, खरं सांगा. ते मणी तुम्ही घेतलेत ना?”

धाकट्या जावेचा आवाज चढला नव्हता, आणि म्हणूनच थोरलीच्या काळजात चर्र झालं. ओरडणाऱ्या माणसाचा राग निवतो. असा थंड शब्द मात्र आत रुतून बसतो…

पुढच्या खोलीत धाकटीचं नवरीच्या पोशाखांवर मणी-टिकल्या लावायचं काम चाले. एका नवरीमुलीने आपल्या निवर्तलेल्या आजीची तुटकी माळ आणून दिली होती. तिचे निळे काचमणी केसांत लावायच्या पट्टीवर बसवायचे होते. तसे मणी आता कुठे मिळत नव्हते. ती पट्टी परवा द्यायची होती, आणि बशीतले अकरा मणी गायब!

संशय थोरलीवर यायला कारणही होतं. कामातून उरलेलं काही म्हणून ती टाकू देत नसे. तारेची वीतभर टोकं, विजोड बटणं, लेसच्या चिंध्या, चीर गेलेले मणी… सगळं वेचून ती त्यातून अशी काही कानातली आणि गळ्यातली घडवी, की गल्लीतल्या पोरी दुकानातला माल सोडून तिच्याकडे येत. दीर थट्टेने म्हणत, “मी फार वेळ एका जागी बसलो, तर वहिनी माझंही ब्रेसलेट करतील.”

थोरली उत्तर देणार, तोच तिची नजर दाराकडे गेली. तिथे चिमणी उभी होती… धाकटीची अकरा वर्षांची लेक. तोंड पांढरंफटक, ओठ हलताहेत, पण शब्द फुटत नाही. लहानपणापासून ती बोलताना अडखळे. भीती वाटली की वाचाच बसे. आदल्या संध्याकाळी ती मोरीच्या भोकात बोट घालून रडत होती, ते थोरलीने पाहिलं होतं. आईला मदत म्हणून मणी धुवायला नेले, आणि पाण्याबरोबर गेले… न सांगताच थोरलीला उमगलं होतं.

“हो,” थोरली म्हणाली. “मीच घेतले. एका माळेत गेले, ती माळ विकलीही.”

धाकटी मग बोलली ते कुठल्याही माणसाला सोसणार नाही असं होतं. विश्वासाने घरात ठेवलं, बहिणीसारखं मानलं, आणि तुम्ही माझ्याच अन्नात माती कालवलीत, असं ती म्हणाली. वर, उद्यापासून या खोलीत पाऊल टाकू नका, असंही बजावलं. थोरली खालमानेने ऐकत राहिली. मागच्या दाराने बाहेर पडल्यावर मात्र तिने पदराचा बोळा तोंडात कोंबला.

पण रडून पट्टी पुरी होणार नव्हती. तिने आपला उरल्यासुरल्याचा डबा पालथा केला. निळा मणी त्यात एकही नव्हता. मग तिने तारेची टोकं घेतली, पकडीने वळवून वळवून नखाएवढी अकरा पानं केली, आणि प्रत्येकाच्या पोटात पांढऱ्या लेसचा कण भरला. दोन दिवस तिची बोटं सोलवटत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी तिने ती पानं दिराच्या हाती पाठवली. धाकटीने आधी ती बाजूला सारली. पण दुसरा इलाजच नव्हता. तिने ती रिकाम्या जागी टाचली.

दुपारी नवरीमुलगी आली. पट्टीकडे बघताच तिचा चेहरा पडला. धाकटी काही सांगणार, तेवढ्यात मनाई मोडून थोरली खोलीत आली आणि त्या कोवळ्या पोरीपुढे हात जोडून उभी राहिली.

“बाळ, हिचा काही दोष नाही. मणी माझ्याकडून गेले. तुझ्या आजीची वस्तू… मला क्षमा कर.”

ते जोडलेले, चिरा पडलेले हात चिमणीला बघवले नाहीत. ती दाराआडून धावत आली आणि थोरलीच्या कमरेला बिलगली.

“मो… मोठीआईने न… नाही घेतले. मी धु… धुतले. मोरीत गे… गेले.”

नवरीमुलगी किती तरी वेळ पट्टी हातात धरून होती. मग तिने ती केसांवर ठेवली, आरशात पाहिलं, आणि डोळे पुसत म्हणाली की, आजी असती तर तिने आधी हेच विचारलं असतं, ही पानं कुणी केली म्हणून. चिमणीच्या गालाला हात लावून ती गेली.

धाकटी मटकन खाली बसली.

“ताई… मी तुम्हाला नाही नाही ते बोलले. आणि तुम्ही माझ्या लेकीसाठी गप्प बसलात? हे ऋण मी कुठल्या जन्मी फेडू?”

“ऋण माझ्यावर आहे गं.” थोरली तिच्याजवळ टेकली. “हे गेले, तेव्हा मी जेवणखाण सोडून भिंतीकडे तोंड करून पडले होते. तू तीन महिन्यांची चिमणी आणून माझ्या मांडीवर ठेवलीस. म्हणालीस, मला कामावर जायचंय, हिला कोण बघणार? त्या दिवसापासून मी पुन्हा जेवायला लागले… आणि तेव्हा तुझ्याकडे कुठलं आलंय काम? समोरच्या बागेत बाकावर एकटीच बसून राहायचीस दिवसभर.”

धाकटीने चमकून वर पाहिलं. “तुम्हाला ठाऊक होतं?”

“पहिल्याच दिवशी. खिडकीतून दिसायचीस की.”

धाकटीने थोरलीच्या खांद्यावर डोकं टेकलं आणि इतक्या वर्षांत कधी रडली नव्हती तशी ती रडली. थोरलीने तिला रडू दिलं. तिचेही डोळे कुठे कोरडे होते…

तेवढ्यात दारावर टकटक झाली. पुढचं गिऱ्हाईक आलं होतं. दोघींना उठवेना. चिमणीच पुढे झाली, तिने दार उघडलं, एक मोठा श्वास घेतला, आणि अडखळत का होईना, पण आख्खं वाक्य पुरं केलं,

“आई आणि मो… मोठीआई जरा कामात आहेत. तुम्ही ब… बसा ना.”