वाकडं पातं

केरबाच्या भंगाराच्या ढिगात क्रांती कोपरापर्यंत हात घालून बसली होती आणि तिच्या पाठीमागे कुणीतरी केरबाशी हुज्जत घालत होतं. उंब्रजच्या बाजारात हुज्जतीला काही तोटा नाही, म्हणून तिने मान वर केलीच नाही. तिला एक टोपण हवं होतं. अंगठ्याएवढं, पितळी, आतून आटे असलेलं. तेवढ्यासाठी ती इस्लामपूरहून स्कूटी हाकत आली होती, आणि हे वहिनीला कळलं असतं तर तिने कपाळावर हात मारून घेतला असता.

"लाकडी मूठ हाय," मागचा आवाज म्हणाला. "आतनं पोकळ. पोटात बोटबोटभर पाती. टोच्या, गिरमिट, स्क्रू ड्रायव्हर... हवं ते काढायचं, तोंडात बसवायचं आन् आवळायचं. आठवतंय का काय?"

क्रांतीचा हात ढिगातच थांबला.

"दसरा काढताना आईनं चुकून दिलं वो तुमाला. समदं घर अंगणात, त्यात तुमी दारात..."

नवरात्राच्या आधी गोधडीपासून डब्यापर्यंत झाडून सगळं बाहेर काढायचं, धुवायचं, वाळवायचं, याला आपल्याकडे दसरा काढणं म्हणतात. त्या धांदलीत घरातली बाई नको ते ठेवते आणि हवं ते देऊन टाकते. केरबासारख्यांचा धंदा त्या दिवसांत तेजीत असतो.

"ते कवाच गेलं की," केरबा निवांतपणे म्हणाला. "ह्या बाईंनीच न्हेलं."

आता मान वर करणं भागच होतं. समोर उन्हाने रापलेला, उंच, दाढी करायची राहून गेलेला एक तरुण उभा होता. त्याच्या डोळ्यांत अशी काही आशा उमटली, की क्रांतीला उगीचच आपल्या काळ्या झालेल्या बोटांची लाज वाटली.

"माझ्याकडे आहे," ती म्हणाली. "पण... त्याला टोपण नाहीये."

त्याने शर्टाच्या खिशात बोटं घातली आणि तळहात पुढे केला. पितळी टोपण!

"अंगणात पडलं हुतं," तो म्हणाला. "तवापास्नं खिशातच हाय."

"द्या."

"आधी मूठ द्या."

"मूठ घरी आहे. खोलून ठेवलीय."

"खोलून?" त्याचा चेहरा पडला. "आवं, नवमीला पायजे ती!"

मग केरबाच्या ताडपत्रीच्या सावलीत त्याने सगळं सांगितलं. त्याचं नाव वीरधवल. उंब्रजजवळच्याच गावात त्याची उसाची रोपवाटिका होती. हत्यार त्याच्या वडिलांचं. आबा फौजेच्या वर्कशॉपमध्ये होते, तेव्हा त्यांच्या जिवाभावाच्या दोस्ताने, बिराप्पाने, ते त्यांना दिलं होतं. बिराप्पा जाऊन बरीच वर्षं झाली. ते एरवी गोठ्याच्या कोनाड्यात पडून असायचं, पण खंडेनवमीला कोयता, कुऱ्हाड, ट्रॅक्टर अशी घरातली सगळी हत्यारं पुजायची वेळ आली, की पहिला मान त्याचा. आबा त्याला हळद-कुंकू लावायचे आणि बिराप्पाची एक तरी गोष्ट सांगायचे. वर्षभर त्याचं नाव काढत नसत, पण त्या दिवशी काढायचे.

"आबांना अजून म्हाईत न्हाई," वीरधवल म्हणाला. "आईला घास जात न्हाई. त्ये गेलं म्हंजी... आबांचा दोस्त दुसऱ्यांदा गेल्यावानी हुईल."

क्रांती आपली काळी बोटं ओढणीला पुसायला लागली. एक गोष्ट त्याला सांगायला हवी होती आणि ती तिच्या जिभेवर येईना. "मी जोडून देते," एवढंच ती म्हणाली. "नवमीच्या आत."

"जोडताना बघायला आलो तर चालंल?"

"भरवसा नाही वाटतं माझ्यावर?"

"भरवशाचं न्हवं वो..." तो घुटमळला, आणि मग ओठांच्या एका कोपऱ्यातून हसला. "टोपण माज्याकडं हाय न्हवं. त्ये आणायला नको?"

क्रांती इस्लामपूरच्या एका आयटीआयमध्ये फिटरचा ट्रेड शिकवायची. घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये तिचा खरा जीव. गंजलेले पाने, मोडके रंधे, कुणी टाकून दिलेली हत्यारं ती तिथे पुन्हा कामाला लावायची. वीरधवल टोपण घेऊन आला त्या दिवशी परतीचा पाऊस पत्र्यावर ताड ताड वाजत होता आणि तो दारात निथळत उभा होता. वहिनीने चहा आणून दिला, दोघांकडे आळीपाळीने बघितलं आणि काही न बोलता, पण बरंच काही बोलल्यासारखी, निघून गेली.

टेबलावर जुन्या धोतराच्या तुकड्यावर सगळे भाग मांडलेले होते. वीरधवलने मूठ उचलली. फिरवली. पुन्हा फिरवली. त्याचं हसू विरून गेलं.

"हितं लाल हुतं," तो हळूच म्हणाला. "ह्या खाचांत."

आता सुटका नव्हती. "गंज आणि मळ असेल म्हणून... मी खरवडलं. रॉकेल लावून. मग पॉलिश पेपर मारला."

"गंज न्हवता त्यो." तो मुठीकडेच बघत होता. "हळद-कुंकू हुतं. दर वर्साचं."

पाऊस वाजत राहिला. क्रांतीला वाटलं, याने रागवावं, दोन शब्द बोलावेत. पण तो नुसता अंगठ्याने त्या स्वच्छ, कोरड्या खाचा चाचपत राहिला आणि ते तिला रागापेक्षा जड गेलं. एवढी वर्षं मुलांना शिकवत आलो, की हत्याराला हात लावण्याआधी ते नीट बघा, आणि आपणच... तिचे डोळे भरून आले. ते लपवायला ती वाकून उगीच कानस शोधायला लागली.

"कानस हितं हाय," तो म्हणाला. कानस तिच्या नाकासमोरच होती. "आन् रडू नगासा. तुमी न्हेलं म्हणून तर ऱ्हायलं. न्हाईतर केरबानं भट्टीला घातलं असतं."

"रडत नाहीये मी."

"व्हय व्हय. पत्रा गळतोय."

ती ओल्या डोळ्यांनी हसली. मग दोघं कामाला लागली. तोंडाचा जबडा गंजून घट्ट बसला होता, तो तेलात भिजवून मोकळा करायचा होता. एकेक पातं घासायचं, पुसायचं, कापडावर ओळीने ठेवायचं. तो पुढच्या दिवशीही आला, आणि त्याच्या पुढेही. कधी उसाच्या रोपांचा ट्रे पोचवायच्या निमित्ताने, कधी कसल्याच निमित्ताशिवाय.

"नाव एवढं वीरधवल," ती एकदा म्हणाली, "आणि वडिलांना खरं सांगायची छाती होत नाही?"

"तुमचं नाव तर क्रांती. तुमी का न्हाई सांगितलंत पयल्याच दिशी, मूठ खरवडली म्हणून?"

तिने फडकं तेलात बुडवून त्याच्यापुढे धरलं. मुठीला जवसाचं तेल चोळताना दोघांची बोटं एकाच फडक्यात अडकली आणि कुणालाच ती सोडवायची घाई झाली नाही.

शेवटी एक पातं उरलं. स्क्रू ड्रायव्हरचं, पण टोक एका बाजूला तिरपं, विचित्र. वीरधवलने ते उजेडात धरलं. "ह्ये झिजलंय. सरळ करून टाका की. तुमच्या हाताचा एक घाव."

क्रांतीने घासायच्या चाकावर धरायला ते उचललंही. मग थांबली. भिंग घेऊन दिव्याखाली बघत राहिली. झिजलेलं लोखंड गुळगुळीत, गोलसर असतं. इथे तर बारीक, सरळ ओरखडे होते, सगळे एकाच दिशेचे.

"हे झिजलेलं नाही," ती म्हणाली. "कुणीतरी मुद्दाम घासलंय. दगडावर, हाताने. कशासाठी ते मला माहीत नाही..." तिने पातं अलगद कापडावर ठेवलं. "पण हे मी सरळ करणार नाही. एकदा केली तेवढी चूक पुरे."

तो तिच्याकडे बघत राहिला. "क्रांती," तो पहिल्यांदाच नुसत्या नावाने म्हणाला, "नवमीला तू ये. माजी एकट्याची छाती न्हाई."

नवमीच्या सकाळी अंगण सारवलेलं होतं. पाटावर कोयते, खुरपी, कुऱ्हाड, पलीकडे झेंडूची माळ घातलेला ट्रॅक्टर. वीरधवलने हत्यार हळूच सगळ्यांच्या पुढे ठेवलं होतं. तेल पिऊन मूठ चकाकत होती. त्याची आई, साळूबाई, उंबऱ्यात पदराचं टोक मुठीत आवळून उभी होती. क्रांती तिच्या शेजारी. दोघींनी श्वास धरला होता.

आबा आले. पाटावर बसले. हळदीची वाटी घेतली, हात पुढे केला... आणि तसाच ठेवला.

"ह्ये कुणाचं?"

"आपलंच की आबा," वीरधवल म्हणाला.

"आपलं काळं हाय. खाचांत लाल हाय." आबांनी मूठ उचलली, जोखली, खाली ठेवली. "बाजारातनं नवं आणून मला बनवतायसा व्हय? बिराप्पाचं हत्यार कुठं हाय?"

 साळूबाई उंबऱ्यातून एक पाऊल मागे सरल्या. क्रांतीला राहवेना. ती पुढे झाली, हत्यार उचललं. "आबा, हे तेच आहे. मी दाखवते, बघा, एखादा स्क्रू लावून..."

"आगं, थांब!" साळूबाई ओरडल्या. "आज हत्यार चालवायचं नसतंय! पूजेचा दिस हाय!"

क्रांती जागीच थिजली. परक्या घरात, भर पूजेत, तेवढंच करायचं राहिलं होतं. आता हत्यार चालवून दाखवता येत नव्हतं आणि तोंडाचं कुणी ऐकणार नव्हतं. वीरधवल पांढराफटक पडला होता. क्षणभर तिला वाटलं, हत्यार ठेवावं, चपला घालाव्यात आणि सरळ स्कूटी गाठावी.

पण ती आबांसमोर खाली बसली.

"ते लाल मी खरवडलं, आबा," ती म्हणाली. "मला कळलं नाही ते काय आहे. मळ वाटला. तुमच्या मुलाची चूक नाही, कुणाचीच नाही. माझी आहे." आणि तिने टोपण फिरवून काढलं, मूठ त्यांच्या तळहातावर उपडी केली.

पाती खळकन पडली. आबा एकेक बोटाने सारत गेले. टोच्या. गिरमिट. छोटी पटाशी. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. मग ते तिरपं पातं आलं आणि बोट थांबलं.

त्यांनी ते उचलून उजेडात धरलं.

"ह्ये सरळ का न्हाई केलं?" त्यांचा आवाज घोगरा झाला होता. "बाकी समदं चकाचक केलंस. ह्येच का सोडलंस?"

"कुणीतरी हाताने घासलंय ते. त्या माणसाचा हात मला पुसायचा नव्हता."

आबांनी मान खाली घातली. "बिराप्पानं घासलंय," ते म्हणाले. "लग्नाची रजा मिळालती मला. गाडीची वेळ झाली आन् ट्रंकेचा कोयंडा अडकला. स्क्रूची खाच पार गेल्याली, कंचंबी पातं बसंना. रजेचा कागद, लग्नाची कापडं, समदं आत. तवा त्यो गडी दगड घिऊन बसला आन् त्या एका स्क्रूपुरतं ह्ये पातं घासलं. ट्रंक उघडली आन् म्हनला, ह्ये हत्यार घिऊनच जा, परत अडकली तर?" त्यांनी डोळे पुसले आणि उंबऱ्याकडे बघितलं. "हिच्या लग्नाला पोचलो त्यो ह्या पात्यामुळं. आन् हिनंच त्ये भंगारात घातलं!"

साळूबाईंनी तोंडावर हात घेतला. "तुमाला... कुणी सांगितलं?"

"दसरा काढल्यापास्नं कोनाडा रिकामा, आन् तू माज्या ताटात दोनदा तूप वाडतीस. मला कळत न्हाई व्हय?"

आणि ते हसायला लागले. साळूबाई हसता हसता रडल्या, वीरधवलने कोंडून धरलेला श्वास इतक्या मोठ्याने सोडला की दावणीची म्हैस मान वळवून बघायला लागली.

आबांनी पाती आत भरली, टोपण बसवलं, हत्यार पुन्हा पहिल्या जागी ठेवलं आणि वाट्या क्रांतीपुढे सरकवल्या. "लाव. तू काडलंस, तूच लाव."

तिने बोट आधी हळदीत बुडवलं, मग कुंकवात. मुठीच्या स्वच्छ खाचेत एक बारीक रेघ उमटली. एवढ्या मोठ्या मुठीवर एवढीशी रेघ.

"पहिल्यासारखं कधी होणार हे?" ती पुटपुटली.

वीरधवल तिच्या शेजारी टेकला होता. आबा ट्रॅक्टरकडे वळले होते, साळूबाई नैवेद्य आणायला आत गेल्या होत्या. "एका वर्सात एकदाच लावायचं असतंय," तो हळू आवाजात म्हणाला. "खाचा भरायला लय वर्सं जातील. दर नवमीला यायला लागंल तुला."

"दर नवमीला?"

"व्हय. न चुकता."

तिने त्याच्याकडे बघितलं.  "इस्लामपूरहून? दर वर्षी? स्कूटीवर?"

"न्हाई..." तो अडखळला. कानाच्या पाळ्यांपर्यंत लाल झाला. "म्हंजी... हितंच ऱ्हायलीस तर... येरझाऱ्या वाचतील. मला तू लय आवडतीस, क्रांती. त्या दिशी केरबाच्या ढिगातनं मान वर केलीस, तवापास्नं."

"टोपण शोधायला आले होते मी तिथे."

"मग? दिलं की न्हाई?"

क्रांती हसली. तिच्या बोटावर थोडं कुंकू उरलं होतं. ते तिने त्याच्या पांढऱ्या शर्टाच्या खिशाला पुसलं, जिथे तो ती भेटेपर्यंत इतके दिवस ते टोपण घेऊन फिरला होता.

"आबांना सांग," ती म्हणाली, "उद्या दसऱ्याला सोनं द्यायला माझ्या घरी या म्हणावं. तुम्ही सगळे."